आमच्या वाड्याचा बंद पडलेला रेल्वे थांबा परत मिळवता येईल का?

माडाची_सावली

मंडळी, नमस्कार. आमचा वाडा गोव्यात, कुडचडे आणि कुळे यांच्या मधल्या पट्ट्यात, रुळांना अगदी लागून. वाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा कोणता आमदार आणि कोणती पंचायत यावर जाते, आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

मीटरगेजच्या, म्हणजे जुन्या अरुंद रुळांच्या काळात इथे गाडी थांबायची. आई लग्न होऊन आली ती याच थांब्यावर उतरली. चिऱ्यांचा बुटका फलाट अजून जागेवर आहे, त्यावर घाणेरीचं रान माजलंय. नव्वदच्या दशकात रूळ बदलून ब्रॉडगेज आलं आणि थांबा काही परत आला नाही. आता पडवीत बसून दिवसभराच्या गाड्या मोजता येतात, पण चढता एकीतही येत नाही.

मडगावला कामाला जायचं तर आधी कुणीतरी स्कूटरवर तिस्कापर्यंत, म्हणजे तिठ्यापर्यंत सोडायचं, तिथून बसने कुडचडे, पुढे दुसऱ्या बसने मडगाव. परतताना संध्याकाळी सातनंतर आमच्या बाजूला बस नाही. मग पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, तोही काळोखात आत यायला तयार असला तर. धाकटी बहीण मडगावात एका दुकानात कामाला होती. दोन पावसाळे तिने काढले आणि शेवटी काम सोडलं. ती ज्या मडगावला जायची, त्याच मडगावची गाडी रोज तिच्या खिडकीसमोरून जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

तर विचारायचं हे की बंद पडलेला थांबा पुन्हा सुरू करून घ्यायला नेमकं काय करावं लागतं? अर्ज कुणाकडे द्यायचा? आणि कुणाला याचा अनुभव आहे का?

---

भाजीपाव

अनुभव नाही, पण पाठिंबा शंभर टक्के. मडगाव स्टेशनाबाहेर सकाळचा गरम भाजीपाव खायला तुमच्या बहिणीला परत आणूया.

---

लाल_बावटा

ताई, मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच याच मार्गावर. थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक फरक समजून घ्या. लोक 'स्टेशन' म्हणतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक क्रॉसिंग स्टेशन, जिथे बाजूला लूप लाइन असते, सिग्नल असतात, स्टेशनमास्तर असतो, आणि समोरासमोर येणाऱ्या गाड्या एकमेकींना वाट देतात. दुसरा हॉल्ट. तिथे ना सिग्नल ना लूप. फलाट, एक शेड, दिवे, नावाची पाटी, आणि तिकिटं विकायला कमिशनवर नेमलेला गावातलाच एजंट. तुम्हाला हवाय तो हॉल्ट. त्याला खर्च फार लागत नाही. अडचण वेगळीच आहे.

एकेरी मार्गावर दोन क्रॉसिंग स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असते. तुमच्या वाड्यावर गाडी एक मिनिट थांबली, तरी आधी वेग कमी करण्यात आणि नंतर परत पकडण्यात आणखी मिनिटं जातात. तेवढा वेळ पलीकडची गाडी स्टेशनात खोळंबते. मालगाड्या जास्त असलेल्या मार्गावर गाड्या चालवणारा परिचालन विभाग अशा मिनिटांसाठी भांडतो. तुमच्या अर्जाला 'नाही' म्हणणारा पहिला माणूस तोच असेल. म्हणून त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

दुसरी गोष्ट जागेची. फलाट शक्यतो सपाट आणि सरळ रुळावर लागतो. वळणावर असला तर मागच्या डब्यातून कोण चढतंय ते गार्डला दिसत नाही, आणि चढावर असला तर थांबलेली गाडी हलवायला जड. कुळ्यापर्यंत मार्ग तसा सौम्य आहे. खरा घाट कुळ्यानंतर सुरू होतो, कॅसलरॉकपर्यंत सुमारे सव्वीस किलोमीटर, १ : ३७ चा चढ, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून तर कुळ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. तुमचा जुना फलाट ज्यांनी बांधला त्यांनी जागा बघूनच बांधला असणार. तो सरळ रुळावर आहे की वळणावर?

---

माडाची_सावली

काका, सरळ रुळावर. दोन्ही बाजूंना लांबपर्यंत दिसतं. लहानपणी आम्ही गाडीचा दिवा आधी कुणाला दिसतो यावर पैजा लावायचो.

---

लाल_बावटा

मग निम्मं काम झालं.

---

चांदरकर_घोरण्यापूर्वी

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रेल्वेच्या कुठल्याही 'सोयी'कडे आम्ही या बाजूचे लोक संशयाने बघतो, आणि त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदरला लोक रुळांवर बसले होते, मीही होतो. मेणबत्त्या होत्या, तियात्राची, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकांची गाणी होती, म्हातारी माणसं स्वेटर घालून बसली होती. दुपदरीकरण, म्हणजे या मार्गावर दुसरा रूळ, लोकांच्या सोयीसाठी आहे असं सांगत होते. पण मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या कारखान्यांकडे कोळसा जातो तो याच रुळांवरून, आणि आमच्या जुन्या घरांच्या भिंती याच रुळांपासून हातभर अंतरावर.

उद्या तुमच्या हॉल्टच्या नावाखाली लूप येईल, लूप आला की दुसरा रूळ येईल. गावाने सही करताना हे बघायला हवं.

---

कुळागर

चांदरकरांच्या भीतीला आधार आहे. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट, कॅसलरॉक, करंझोळ या घाटातल्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली, हेही लक्षात घ्या. लोक भांडले म्हणून ते झालं. आणि लाल बावटा काकांनी आत्ताच सांगितलं की हॉल्टला लूप लागत नाही.

मला उलट वाटतं. या रुळांवरून फक्त माल जातो म्हणून लोकांना ते परके वाटतात. घरातली मुलगी रोज त्याच गाडीने कामाला जाऊ लागली की गावाचा त्यावर हक्क तयार होतो, आणि 'आमची लोकल कोळशासाठी मागे ठेवू नका' असं गाव ठणकावून सांगू शकतं. आज आपण काय सांगणार? आपली गाडीच नाही.

---

चांदरकर_घोरण्यापूर्वी

मुद्दा बरा आहे. विचार करतो.

---

जुनी_पेटी

मी सत्तरी ओलांडलेली, म्हणून थोडं मागचं सांगते.

हा मार्ग पोर्तुगीज काळातला. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज करारानंतर त्याची आखणी झाली आणि १८८८ मध्ये मुरगाव बंदर कॅसलरॉकला जोडलं गेलं. बंदरातला माल वर न्यायला रूळ घातले, हे तेव्हाही खरंच होतं. पण मधल्या गावांनी ती गाडी आपली केली. गाडी आली की वाड्यावरची सगळी कामं घड्याळात बसायची. 'पहिली गाडी गेली, पेज चढव', असं माझी आजी म्हणायची. घरात घड्याळ नव्हतंच.

१९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमेपलीकडे जाणारी गाडी बंद झाली. माझे मामा बेळगावला शिकत होते, त्यांचं घरी येणंच थांबलं. मुक्तीनंतर ते परत आले तेव्हा आजीने त्यांना आधी ओळखलं नाही. म्हणून 'गाडी बंद' हे दोन शब्द आमच्या घरात अजून कुणी सहज उच्चारत नाही.

नंतरच्या काळात मुंबईला जायचं म्हणजे मीटरगेजने लोंढा, मिरज, आणि मिरजेला मोठ्या गाडीत सामान चढवायचं. फणस, कोकमं, सोलं, पापडांचे डबे. हमालाशी वाद, मुलं हरवायची भीती. तरी त्या प्रवासाची आठवण अजून गोड लागते.

मुली, तुझी आई उतरली तो थांबा मला अंधुक आठवतो. फलाटाजवळ चिंच होती का?

---

माडाची_सावली

होती काय, अजून आहे! आजी, तुम्ही हे लिहिलंत आणि मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, त्या चिंचेखाली नारळाच्या पेंड्या रचलेल्या असायच्या, आणि मासळीवाल्या टोपल्या उतरवून तिथेच वाटा घालायच्या.

---

पाटीवाला

थोडं विषयांतर. स्टेशनांच्या नावांचाही एक वेगळा धागा व्हायला हवा. स्टेशन उभं कुडचड्यात आणि नावात आधी सावर्डे. कुळे आपण म्हणतो, जुन्या पोर्तुगीज लिखाणात ते कोलेम. माझा कोल्हापूरचा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा कुडचडे स्टेशन शोधत सावर्ड्याच्या पाटीखालीच अर्धा तास उभा होता.

---

भाजीपाव

भाच्याला कुणी विचारलंही नाही? आपल्याकडे तर अनोळखी माणूस दिसला की तीन जण रस्ता दाखवतात, तीन वेगळे.

---

तिस्कावरचा

मला वेगळं मत मांडायचंय. रेल्वेच्या मागे पाच वर्षं लागण्यापेक्षा बस मागा. कुडचडे स्टेशन तुमच्यापासून काही शंभर किलोमीटर नाही. वाड्यावाड्यांतून फिरणारी एक छोटी बस, सकाळी दोन फेऱ्या, रात्री दोन, गाडीच्या वेळेला जोडलेल्या. बसचा मार्ग बदलता येतो, वेळ बदलता येते. रेल्वेला एक फलाट हलवायचा तर फाइल हुबळीला जाते, तिथून कुठे जाते देव जाणे. कदंब महामंडळ १९८० पासून आहे, राज्याच्या हातात आहे, मागणी इथल्या इथे करता येते.

---

माडाची_सावली

तुमचं म्हणणं पटतं, आणि बसही हवीच. पण आमच्या रस्त्याची गोष्ट सांगते. पावसात ओहोळावरचा छोटा पूल दोन-तीनदा पाण्याखाली जातो. त्या दिवशी बस येत नाही, पायलट येत नाही, पाव विकणारा पदेरसुद्धा येत नाही. रूळ मात्र भरावावर, पाण्याच्या वर. एका ऑगस्टमध्ये शेजारच्या काकींना कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही त्यांना रुळांच्या कडेकडेने चालवत पलीकडच्या रस्त्याला नेलं, हातात बॅटरी, मागून गाडी येते का ते बघायला एक मुलगा. आमच्यासाठी वर्षभराची खात्रीची वाट तीच आहे, आणि तीच आमच्यासाठी बंद आहे.

---

मास्तरीण_बाई

काकी आणि बाळ ठीक ना?

---

माडाची_सावली

ठीक आहेत. मुलगी झाली. आता बोट धरून फलाटावर जाते, गाडीला हात करते.

---

मयेचा_माणूस

तुमच्याकडे थांबा होता आणि गेला. आम्हाला तर मिळालाच नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण झाली तेव्हापासून आमच्या मये गावातून गाड्या धावतात, आणि थिवी सुटली की थेट करमळी. जमीन आमची गेली, कापलेली डोंगरं आमची, पावसात दगड पडतील म्हणून होणारी गस्त आमच्या शेजारून. चढायचं तर थिवीला जा.

कोकण रेल्वे महामंडळात सुरुवातीच्या भांडवलात गोवा सरकारचाही सहा टक्के वाटा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? केंद्राचे एक्कावन्न, महाराष्ट्राचे बावीस, कर्नाटकाचे पंधरा, आणि गोवा व केरळचे प्रत्येकी सहा. म्हणजे आपण नुसते प्रवासी नाही, भागीदार आहोत. भागीदाराने आपल्या दारात थांबा मागितला तर त्यात उपकार कसले?

---

लाल_बावटा

मयेकर, भावना बरोबर. पण ताईंची केस वेगळ्या दारातून जाते. मडगावपासून उत्तरेला आणि दक्षिणेला जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग महामंडळाचा. वास्को–मडगाव–कुळे हा दक्षिण पश्चिम रेल्वेचा, हुबळी विभाग. एकाचा अर्ज दुसऱ्याकडे गेला की फिरत राहतो. मी स्वतः अशी फिरलेली पत्रं पाहिली आहेत.

ताईंनी अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करावा. प्रत खासदारांना द्यावी, कारण थांब्यांचे विषय ते संसदेतही मांडू शकतात आणि मंत्र्यांपर्यंतही नेऊ शकतात. तिसरी प्रत रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीवरच्या गोव्याच्या सदस्यांना. त्यांच्या बैठकीत विषय आला की त्याची इतिवृत्तात नोंद होते आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं. आणि माहिती अधिकारात एवढंच विचारा: हा थांबा कोणत्या आदेशाने बंद झाला, आणि तो आदेश दाखवा. कधी कधी असं निघतं की बंद करण्याचा स्पष्ट आदेशच नाही, गेज बदलताना कागदावरून गळून गेला. तसं निघालं तर तुमचं काम सोपं.

---

नर्सबाई

मी मडगावला जिल्हा इस्पितळात काम करते, राहते सावर्ड्याच्या पुढे. थांबा मागताना एक गोष्ट विसरू नका: कोणत्या वेळेची गाडी. आमच्या पाळ्या सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. दुकानं रात्री आठ-साडेआठला बंद होतात. हॉटेलवाल्यांची सुट्टी तर त्याहून उशिरा. दुपारी बाराची गाडी तुमच्या वाड्यावर थांबवून काय उपयोग? फलाट मिळेल, फोटो निघतील, आणि सहा महिन्यांनी रेल्वे म्हणेल प्रवासी नाहीत.

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा आम्हा बायकांना पहिल्यांदा कळलं की लोकल म्हणजे काय असतं. नंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लावलं, दहाचं तिकीट तीसचं झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते परत दहावर आलं. पण त्या चार वर्षांत ज्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली त्या गाडीकडे परतल्या नाहीत. माझ्याबरोबरच्या दोघी अजून हप्ते फेडतायत, आणि पावसात त्या रस्त्यावरून रात्री येतात. मला त्यांची काळजी वाटते.

---

लाल_बावटा

नर्सबाईंनी लाखमोलाचं सांगितलं. रेल्वे पुष्कळदा नवा थांबा सहा महिन्यांच्या प्रयोगावर देते आणि मग तिकीटविक्री बघते. तेव्हा दोन चुका होतात. एक, वेळ चुकीची घेतात. दोन, लोक चढतात तुमच्या थांब्यावर आणि मोबाइलवर तिकीट काढतात पुढच्या स्टेशनापासून, किंवा जुना पास तसाच वापरतात. मग हिशेबात तुमचा थांबा रिकामा. पासधारकांनी पास त्याच थांब्याच्या नावाने काढायचा, हे घराघरांत जाऊन सांगावं लागेल.

---

खाणपट्टा

या बाजूची परिस्थिती बाहेरच्यांना कळावी म्हणून लिहितो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा थांबल्या. तोपर्यंत आमच्याकडे कामासाठी बाहेर जायची वेळच येत नव्हती. ट्रक घरासमोर, गॅरेज घरासमोर, बार्जवर काम करणारे भाऊ. चूल त्यावर चालायची. माझ्या वडिलांचे दोन ट्रक होते, दोन्ही भंगारात गेले.

आता आमची पोरं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, सासष्टीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, वास्कोत. म्हणजे काम होतं तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर गेलं आणि वाहनाची सोय जुनीच राहिली. पूर्वी ज्या वाड्याला थांबा नसला तरी चालायचं, त्याला आता नसला तर घर रिकामं होतं. आमच्या शेजारची तीन कुटुंबं मडगावात भाड्याने गेली, इथलं घर बंद, तुळशीला पाणी घालायला आम्ही जातो.

वेर्णा स्टेशन कोकण रेल्वेवर, आणि वसाहत वर पठारावर. त्यामुळे तिथे मडगावहून बसच. पण निदान मडगावपर्यंत तरी रुळाने जाता आलं पाहिजे.

---

पेडण्याची_पोर

मी रोज थिवीहून करमळीला गाडीने जाते, पणजीत नोकरी. करमळीहून पुढे पणजीपर्यंत पायलट किंवा बस. झुआरीचा नवा पूल होण्याआधी मडगावहून येणारे सहकारी तासन् तास जुन्या पुलावर अडकून यायचे, आणि मी खिडकीत पुस्तक वाचत यायचे. गाडी जिथे थांबते तिथल्या माणसाचं आयुष्य खरंच बदलतं, हे अनुभवाने सांगते. माडाची सावली ताई, सोडू नका.

---

तिस्कावरचा

मी माझं मत थोडं बदलतो. ओहोळाची गोष्ट मला माहीत नव्हती. पण अर्जात बसही घाला: थांब्यापासून आजूबाजूच्या वाड्यांना जोडणारी. नाहीतर थांब्यालगतच्या वीस घरांचंच भलं होईल आणि डोंगराकडची घरं तशीच राहतील. जितकी घरं जोडाल तितके तिकिटाचे आकडे.

---

मास्तरीण_बाई

आणि फलाट उंच मागा. बुटक्या फलाटावरून ब्रॉडगेजच्या डब्यात चढणं म्हणजे माझ्यासारखीला दुसऱ्याचा हात लागतोच. नववारी नेसणाऱ्या, टोपलीवाल्या, गरोदर बायका या उंचीमुळे गाडी सोडतात. ही गोष्ट आराखडा काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण ते क्वचितच टोपली घेऊन चढतात.

---

मुकाट

दिवे पण.

---

माडाची_सावली

आठवडाभर इथे आले नाही, कारण नर्सबाईंचा प्रतिसाद वाचून मी आणि बहीण वही घेऊन घराघरांत फिरलो. थांबा हवा का, असं विचारलंच नाही. त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं ते एवढंच: घरातून बाहेर कोण जातं, कुठे, किती वाजता निघतं, परत किती वाजता येतं, आणि आता कसं येतं.

वाड्यावर त्रेसष्ट घरं. पाच बंद. उरलेल्यांत रोज मडगाव किंवा त्यापुढे जाणारी एकोणतीस माणसं निघाली. मला दहा-बारा वाटली होती. त्यातल्या एकोणीस जणांना सकाळी साडेसात ते आठच्या आत मडगाव गाठायचंय. परतीला संध्याकाळी सहाची गाडी फक्त सात जणांना चालते. सोळा जणांना रात्री साडेआठनंतरची हवी, आणि त्या सोळांत अकरा बायका. शिवाय उच्च माध्यमिकला जाणारी नऊ मुलं, आणि चार म्हाताऱ्या, ज्यांनी 'महिन्यातून एकदा डॉक्टर' असं लिहायला लावलं.

एक आजी म्हणाल्या, 'माझं नाव नको लिहू, मी कुठे जात नाही.' थोड्या वेळाने परत बोलावलं आणि म्हणाल्या, 'लिही. गाडी थांबली तर जाईन. वास्कोला बहीण आहे.' त्या बहिणी चार वर्षांत भेटलेल्या नाहीत.

---

जुनी_पेटी

त्या आजींना माझा नमस्कार सांग.

---

लाल_बावटा

ताई, हाच तुमचा अर्ज. 'आमच्या वाड्यावर गाडी थांबवा' एवढंच लिहू नका. लिहा: सकाळी मडगावला अमुक वेळेआधी पोचणारी लोकल, आणि रात्री साडेआठनंतर मडगावहून सुटणारी, या दोन गाड्या आधी. बाकीच्या नंतर बघू. दोन गाड्या मागितल्या की परिचालनवाल्यांनाही दोनच वेळा जागा काढावी लागते, आणि प्रयोगाच्या सहा महिन्यांत तुमचे आकडे उभे राहतात. रात्रीची गाडी त्या वेळेला नसेल तर आधी वेळापत्रक बदलून मागा. फलाटापेक्षा ती लढाई मोठी आहे आणि त्यात कुडचडे, सावर्डे, कुळे सगळे तुमच्याबरोबर येतील. मसुदा करा, मला दाखवा, रेल्वेची भाषा मी घालतो.

---

चांदरकर_घोरण्यापूर्वी

विचार करतो म्हटलं होतं, केला. माझी एक अट. अर्जात स्वच्छ लिहा: 'ही मागणी फक्त हॉल्टची आहे. लूप लाइन, दुसरा रूळ किंवा जादा भूसंपादन यांना या अर्जाने संमती नाही.' हे वाक्य असेल तर आमच्या बाजूच्या सह्या मी स्वतः गोळा करून देतो. त्या अकरा बायकांची रात्रीची गाडी आमच्या चांदरवरूनच येणार आहे.

---

माडाची_सावली

लिहिते. तुमचं वाक्य जसंच्या तसं.

---

मयेचा_माणूस

वहीतली ती प्रश्नांची यादी इथे टाकाल का? आम्ही इतकी वर्षं 'स्टेशन द्या' एवढंच म्हणतोय. किती वाजता, ते कुणी मोजलेलंच नाही.

---

माडाची_सावली

उद्या टाकते, बहिणीच्या अक्षरात आहे, टंकायला वेळ लागेल. आणि येत्या रविवारी फलाटापर्यंतची वाट साफ करायची ठरली आहे. अर्जासोबत जागेचा फोटो लागेल ना, रानात फलाट दिसतच नाही. जवळपासचे कुणी येणार असाल तर कोयता आणा. पेज आणि सुकी भाजी आमच्याकडे.

---

लाल_बावटा

ताई, थांबा. फलाट आणि त्याभोवतीची जागा रेल्वेच्या हद्दीत आहे. परवानगीशिवाय तिथे कोयता लावू नका, रुळांजवळ माणसं जमवू नका, उद्या तेच कारण दाखवून अर्ज बाजूला ठेवतील. वाट पंचायतीची आहे तेवढीच साफ करा. फोटो बाहेरून घ्या.

---

माडाची_सावली

बरं काका. मग वाट चिंचेपर्यंतच. चिंच आमच्या गडग्याच्या आत आहे.

---

भाजीपाव

रविवारी किती वाजता? माझ्याकडे दोन कोयते आहेत, आणि मी बाराला उठणारा माणूस असलो तरी त्या दिवशी सातला येतो.